डाव्या बोल्टची रायफल

कार्डिफ, १४ एप्रिल २०२४

कस्तुरी,

नावाआधी काय लिहायचं यात पंधरा मिनिटं गेली. 'सौ.' लिहिलं तर तुझा नि मिहीरचा घटस्फोट मी अजून मानत नाही असं तुला वाटेल, 'डॉ.' लिहिलं तर बँकेचं पत्र वाटेल. म्हणून नुसतं नाव. आशीर्वाद आहेतच, त्यांना आधी काही लावावं लागत नाही.

आठ वर्षांत आपण एकमेकींना काय कळवलं? ईशानीच्या ट्रेनच्या वेळा आणि तिच्या खोकल्याच्या औषधाचे डोस. तेही टेक्स्टनं. आज पत्र लिहिते आहे, कारण हे टेक्स्टमध्ये मावायचं नाही आणि फोनवर तू 'ओके, नोटेड' म्हणून ठेवून देशील. आपल्यात जे झालं त्याबद्दल मात्र या पत्रात काही नाही. हे पत्र कामाचं आहे.

मी गेल्या वर्षापासून इथल्या रायफल क्लबात जाते. हसू नकोस. रग्बीच्या मैदानामागे एक लांबट पत्र्याची शेड आहे, तिथे पंचवीस यार्डांवर कागदी टार्गेट लावतात आणि आमच्यासारखी माणसं शांतपणे त्याला भोकं पाडतात. गोळी सगळ्यात लहान, 'टू-टू' म्हणतात ती. तिच्या बुडाच्या कडेवर ठोका बसला की ती उडते, म्हणून रिमफायर. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत मी एकतीस वर्षं सुईत दोरा ओवला, त्याहून हे काम फार वेगळं नाही. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोटाला घाई करू द्यायची नाही. माझे गुडघे आता जमिनीवर पालथं पडू देत नाहीत, त्यामुळे मी टेबलाशी बसून नेम धरते.

आता मला स्वतःची रायफल घ्यायची आहे. बोल्टवाली, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बाजूचा दांडा वर उचलून मागे ओढायचा आणि पुन्हा पुढे ढकलायचा. ही रीत मला आवडते. एक गोळी, मग जरा विचार, मग दुसरी. लायब्ररीतून चार पुस्तकं आणून वाचली, वहीत टिपणं केली. नळी जड असावी, म्हणजे नेम हलत नाही. पण एकूण वजन फार नको, नाहीतर पंधरा मिनिटांत तिचे खांदे भरून येतात. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची लांबी कमीजास्त करता आली पाहिजे, आत्ता साडेबारा इंच पुरे, दोन वर्षांनी चौदा लागेल. ट्रिगर हलका हवा, पण शिंकेनं सुटेल इतका नको. एक जुनी जर्मन बघितली आहे, एक नवी झेक. दोन्ही चांगल्या. तू भूल देणारी डॉक्टर, बारीक यंत्रं तुझ्या रोजच्या हाताखालची. तुझं मत कळव.

दुसरं म्हणजे सोबतचा फॉर्म. ईशानी सुट्टीत आली की कधीमधी माझ्याबरोबर येऊन बसते, तिला आवडतं. क्लबानं यंदा नियम केला की अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या फॉर्मवर आईची किंवा वडिलांची सही हवी, आजीची चालणार नाही. जूनअखेरपर्यंत द्यायचा आहे. पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे तिथे सही कर.

खरं सांगते. तेरा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या आजीकडे सुट्टीभर काय करणार? पूर्वी ती महिनाभर राहायची, मग पंधरा दिवस, मग आठ. गेल्या वर्षी पुन्हा तीन आठवडे राहिली ती या शेडपायी. तू नाही म्हणालीस तर ती येईल, पण चार दिवसांची पाहुणी म्हणून. एवढं माझं यात अडकलं आहे.

ईशानीची आजी,
वैजयंती


कार्डिफ, २ मे २०२४

कस्तुरी,

तुझा टेक्स्ट मिळाला. 'तिच्या दस्त्याचं माप तुम्हाला इंचात कसं माहीत? ईशानीला विचारलं. नऊ महिने? पहिला फॉर्म कोणी साइन केला?'

मी केला. गेल्या ऑगस्टमध्ये. 'पेरेंट ऑर गार्डियन' असं लिहिलं होतं, मी स्वतःला गार्डियन धरलं. इंग्रजी कळलं नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण मला ते चांगलं कळतं. सही करताना तू आठवलीस आणि मी पेन जरा जोरात दाबला. हातात फॉर्म घेऊन तुला फोन करायला पाहिजे होता. केला नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

ती 'येऊन बसते' असं मी लिहिलं, तेही खरं नाही. ती नेम धरते, मी चहा आणते. सुरुवात अशी झाली की क्लबाचा 'ओपन डे' होता आणि बाहेर पाऊस. आत गेलो. तिथे ग्लेनिस म्हणून बाई आहेत, शाळेच्या स्वयंपाकघरातून रिटायर झालेल्या, आता लहान मुलांना शिकवतात. त्यांनी तिला पहिला आठवडाभर एकही गोळी दिली नाही. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, बोल्ट उघडा ठेवल्याशिवाय रायफल खाली ठेवायची नाही. एकदा ती माझ्याशी बोलायला वळली तर नळीही वळली, चार बोटं असेल. ग्लेनिसनं ओरडाआरडा केला नाही, तिला तासभर माझ्याजवळ बसवून ठेवलं. पुन्हा तसं झालेलं नाही.

टेक्स्टच्या शेवटी तू विचारलंस, मुलीच्या हातात बंदूक देताना काही वाटलं नाही का. वाटलं. पण जी पोरगी फोन दोन मिनिटं खाली ठेवत नाही, ती चाळीस मिनिटं एका काळ्या ठिपक्याकडे बघत राहिली, आणि येताना बसमध्ये मला म्हणाली, "आजी, डोक्यात सगळा क्वाएट झाला." हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. आईला कळायच्या गोष्टी मी स्वतःच्या डब्यात भरून ठेवल्या.

डिसेंबरचंही सांगून टाकते. ख्रिसमसच्या आधी क्लबात घरच्यांना बोलावतात. दोरीला पेपरमिंटच्या गोळ्या टांगतात, मधे भोक असतं त्या, आणि त्या फोडायच्या. मिहीर ब्रॅकनेलहून आला होता. त्यानं दहात एकही फोडली नाही आणि वाऱ्याला नाव ठेवलं. शेडमध्ये वारा नसतो. ईशानीनं तीन फोडल्या. मी पाच. ग्लेनिसनं माझं नाव फळ्यावर लिहिलं, ते जानेवारीपर्यंत कुणी पुसलं नव्हतं.

आता सगळं सांगितलं. फॉर्म तुझ्याकडेच आहे.

वैजयंती


कार्डिफ, १९ मे २०२४

कस्तुरी,

सतरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. रागावलीस तर टेक्स्ट तरी करतेस, त्यामुळे ही शांतता मला जास्त जड जाते.

काल मिहीरचा फोन होता. मी त्याला सगळं सांगितलं, तर म्हणतो, "आई, त्यात काय, फॉर्म मला पाठव, मी साइन करतो. डॅडची पण चालते ना?" चालते. एका दिवसात काम झालं असतं. मी त्याला नको म्हटलं. एकदा तुला वळसा घालून झालं आहे, दुसऱ्यांदा मुलाला पुढे करून घालणार नाही. तो म्हणाला, "तुझं तू बघ," आणि ठेवला.

'आता सगळं सांगितलं' असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य लिहून झाल्यापासून टोचतं आहे. एक गोष्ट राहिली.

ईस्टरच्या सुट्टीत ईशानीचा नेम बिघडला होता. म्हणजे डिसेंबरपासून पुढेच जाईना. गोळ्या टार्गेटवर लागायच्या, पण विखरून, वाटाणे सांडल्यासारख्या. ती उजव्या खांद्याला रायफल लावायची आणि मान दस्त्यावरून अशी काही वाकडी करायची की बघणाऱ्याची मान दुखावी. मी म्हटलं, दस्ता मोठा होत असेल, म्हणूनच तर मी मापं घेत होते. ग्लेनिस म्हणाली थांब. तिनं ईशानीला दोन्ही हातांचा लहानसा झरोका करून त्यातून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला. उजवा डोळा मिटला तरी घड्याळ जागच्या जागी, डावा मिटला की गायब. म्हणजे नेम धरणारा डोळा डावा. मान वाकडी होत होती ती डावा डोळा उजवीकडच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या छिद्रावर, आणण्यासाठी.

मग ग्लेनिसनं सहज विचारलं, "तू लिहितेस कुठल्या हातानं?"

कस्तुरी, साधा प्रश्न. तेरा वर्षांची मुलगी. उत्तर देण्याआधी तिनं माझ्याकडे बघितलं.

मग म्हणाली, "डिपेंड्स."

ग्लेनिस माझ्याकडे बघायला लागली. मी चहाचे कप उचलायला लागले.

माझी समजूत होती की तिचा डावा हात सुटला. माझ्याकडे ती उजव्या हातानं जेवते, उजव्यानं वाढते, दिवाळीच्या सुट्टीत रांगोळीचे ठिपके काढते ते उजव्यानं. मी फोनवर पुण्याला नणंदेला सांगायचे, बघा, वळण लागलं. ग्लेनिसनं खोदून विचारलं तेव्हा कळलं की मँचेस्टरला ती सगळं डाव्यानं करते. लिहिते, खाते, दात घासते. कार्डिफला आली की हात बदलते. आठ वर्षं बदलते आहे, आणि मला दिसलं नाही. की दिसून मी बघितलं नाही, ते माझं मलाच ठाऊक नाही.

तू म्हणशील, मी हेच सांगत होते. हो. पण तिच्या हातावरची ती पिशवी म्हणजे बेडी नव्हती, हे मला अजून वाटतं. तू रात्रपाळीला जायचीस, पोर माझ्या ताब्यात, पाच वर्षांची, सारखा डावा हात वरणात घालायची. उद्या लग्नाकार्यात पंगतीला बसली तर लोक तुलाच बोलतील असं माझ्या मनात. म्हणून मऊ मलमलीची छोटी पिशवी शिवली, वर दोऱ्यानं पोपट भरला, जेवताना तेवढी डाव्या हातावर घालून नाडी बांधायची. ती हसायचीसुद्धा, पोपटाशी बोलायची. मला माझ्या आजीनं चिंचेच्या फोकानं मारून वळण लावलं होतं, त्यापुढे पोपट म्हणजे लाड. शाळेतल्या बाईंनी तुला बोलावून सांगितलं की ही डावा हात डेस्कखाली लपवून बसते, आणि तू घरी येऊन ती पिशवी माझ्यासमोर कात्रीनं कापलीस. दोन महिन्यांत मँचेस्टरची नोकरी घेऊन गेलीस. तुझा नि मिहीरचा संसार नंतर मोडला तो त्याच्या-तुझ्या कारणांनी, पण पहिली काडी माझी, असं तू मनात धरून आहेस. मीही धरून आहे, फक्त बोलले नाही.

हे पत्र टाकू की नको असं होतं आहे. टाकते.

वैजयंती


कार्डिफ, ९ जून २०२४

कस्तुरी,

तुझ्याकडून अजून काही नाही. मी तगादा लावत नाही. पण एक काम केलं, त्याचा हिशोब तुला द्यायला हवा.

ईशानीला डावी रायफल लागणार हे मला ईस्टरलाच कळलं होतं, तरी पहिल्या पत्रात मी उजव्याच लिहिल्या; आता ते मान्य केल्यावर माझी वही रद्द झाली. जर्मन गेली, झेक गेली, दोन्ही उजव्या. डाव्या रायफलीत बोल्टचा दांडा डाव्या अंगाला असतो, रिकामं कवच तिकडून उडतं, दस्त्याला गालासाठी दिलेला फुगवटा उजवीकडे. दुकानात दहा उजव्या असतील तर डावी एखादी, तीही मागवावी लागते. क्लबात एक जुनी आहे, कुणी देणगी दिलेली. मी म्हटलं, घेण्याआधी कळलं तरी पाहिजे चांगली डावी म्हणजे कशी, आणि ते उजव्या हातानं कसं कळणार? ग्लेनिसला म्हटलं, मला ती दे.

पहिल्या दिवशी मी वीस गोळ्या झाडल्या. त्यातल्या सहा कागदावर लागल्या, तेही कडेला. एकाहत्तर वर्षं हा हात माझ्या अंगाला जोडलेला आहे आणि त्याला काही म्हणजे काही येत नाही. बोल्ट मागे ओढायचा तर कोपर बरगडीला आपटतं. ट्रिगरवरचं बोट मुकं. उजवा हात आपणहून दांड्याकडे धावतो आणि तिथे दांडाच नसतो. ज्या गोळीनं मी डिसेंबरला पेपरमिंट फोडली, ती गोळी मला नळीत सरळ घालता येईना. बाजूच्या टेबलावरचे म्हातारे मिस्टर प्राइस म्हणाले, "टेक युअर टाइम, लव्ह." मला त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

ग्लेनिसनं दोनदा माझं मनगट धरून नीट ठेवलं. चांगल्या मनानं. तिसऱ्यांदा तिनं हात पुढे केला तेव्हा मी तो झटकला. जोरात. ती म्हणाली सॉरी, मीही म्हटलं सॉरी, आणि बोल्ट उघडा ठेवून मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

तिथे कळलं. मी झटकला. मला झटकता आला. पाच वर्षांच्या मुलीला माझा हात झटकायचा तर कशानं झटकणार? एका हातात घास होता आणि दुसरा मी बांधला होता.

पोपटाचं मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोडायचं असतं तर खोडलं असतं, पण पत्र तुझ्याकडे आहे. ती हसायची हे खरं. आजी हसली की मुलं हसतात. तू म्हणाली होतीस, 'तुम्ही माझ्या मुलीला बांधून ठेवलंत,' आणि मी आठ वर्षं घराघरांत सांगत फिरले की सुनेनं राईचा पर्वत केला. नव्हता केला. चूक माझी होती. पूर्ण माझी. माझ्या आजीची नाही, पंगतीतल्या लोकांची नाही.

तुझी माफी मागते. फॉर्मशी याचा संबंध लावू नकोस. नाही म्हणालीस तरी ही माफी परत घेणार नाही.

मी रोज जाते आहे. आता वीसपैकी बारा लागतात.

वैजयंती


कार्डिफ, ३० जून २०२४

कस्तुरी,

फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आणि तू काय काय म्हणालीस ते माझ्या डोक्यात नीट आहे ना, तेही बघून घे.

तू म्हणालीस पत्रं चारही वाचली, शेवटचं दोनदा. मग म्हणालीस, "माझी माफी कशाला मागता? हात माझा नव्हता. तिला सांगा." आणि मला तयारीला सेकंदही न देता फोन तिच्या हातात दिलास. ही तुझी जुनी पद्धत आहे. सुई टोचताना आकडे मोजायला लावतेस आणि तीनच्या ऐवजी दोनलाच टोचतेस.

मी तिला सांगितलं. मराठीत सुरू केलं, मधे इंग्रजीत गेले, कारण तिला प्रत्येक शब्द कळायला हवा होता. ती ऐकून म्हणाली, "आजी, इट्स फाइन. तुझ्याकडे आल्यावर शूज बाहेर काढतो ना, तसा. तुझ्या घरचा रूल."

बघ, तिनं मला त्रास नको म्हणून ते किती लहान करून सांगितलं. आणि मला रडू आवरेना. मी तिला म्हटलं, तो रूल आजपासून गेला. शूजचा मात्र राहील. ती म्हणाली, "ओके. पण सवय झाला आहे मला, थोडा वेळ लागेल." हे ती मला समजावत होती.

मग तू पुन्हा फोन घेतलास. फॉर्मवर सही करणार नाहीस म्हणालीस. तिला नेमबाजी शिकायची तर ती मँचेस्टरला, तुझ्या डोळ्यांसमोर, तिथल्या क्लबात. तू स्वतः तिच्याबरोबर नाव घालणार, परवाना काढणार, रायफल तुझ्या नावावर, तुझ्या घरातल्या कपाटात. मी म्हटलं, बरं. तू म्हणालीस, 'वाईट वाटलं का?' मी म्हटलं, नाही. खोटं बोलण्याची सवय मोडायची ठरवली आहे म्हणून आता लिहिते, वाटलं. पण तू चुकीचं काही मागितलं नाहीस. आईनं मुलीच्या शेजारी बसून बघावं, एवढंच मागितलंस.

माझ्या परवान्याचा अर्ज पोलिसांकडे होता, तो परवा मागे घेतला. तिथल्या बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, रायफल दुसऱ्या घरी चालली आहे. त्या म्हणाल्या असं कारण त्यांच्या यादीत नाही, आणि 'पर्सनल' वर खूण केली.

ऑगस्टमध्ये ती येईल, तिला वाटलं तर, असं तू म्हणालीस. खोली तयार आहे.

वैजयंती


कार्डिफ, १ जून २०२५

प्रिय कस्तुरी,

परवाना आला हे वाचून बरं वाटलं. वर्ष लागलं, पण इकडे चटकन काही मिळालं तर त्यात खोट असते. तुझ्या क्लबातल्या लोकांनी तुझ्या पहिल्याच टार्गेट-कार्डावर शंभरात नव्वदच्या वर गुण बघून विचारलं म्हणे, आधी कुठे शिकलात. ऑपरेशन थिएटरमध्ये, असं सांगायचं होतंस.

शनिवारी आपल्या दोघींच्या मधल्या श्रूजबरीला भेटायचं नक्की. मी सव्वाअकराला स्टेशनवर उतरेन, तुमची गाडी त्याआधी येते. रायफलींचं दुकान चालत दहा मिनिटांवर आहे, मी फोन करून ठेवला आहे. तू विचारलंस काय काय बघायचं, तर वहीतून उतरवून देते. मी तिथे असेनच, पण दुकानात मी फार बोलू नये असं ठरवलं आहे, म्हणून आधीच.

नवी की जुनी, यात अडकू नको. टू-टूची नळी नीट ठेवली तर माणसाच्या आयुष्याला पुरते. जुनी असेल तर बोल्ट काढायला सांग, आणि नळीतून उजेडाकडे बघ, आत आरशासारखी स्वच्छ दिसली पाहिजे, कुठे काळे डाग नकोत. बोल्ट पुढेमागे करताना कुठे अडखळतो का ते हाताला कळतं, तुझ्या हाताला तर कळेलच. दस्ता लांब होणारा हवा, यंदा ईशानी तीन इंच वाढली. वजनाचं म्हणशील तर कागदावरचे आकडे वाचू नको, तिला रायफल खांद्याला लावून शंभर मोजायला सांग. साठनंतर नळी डुलायला लागली तर ती रायफल तिची नाही. दुर्बीण आत्ता घेऊ नको. साध्या छिद्राच्या साइटवर शिकलेला डोळा पुढे कशावरही चालतो. आणि गोळ्या तीन-चार बनावटीच्या थोड्या थोड्या घे. प्रत्येक नळीला एक आवडते, का ते कुणाला सांगता येत नाही. कागदावर लावून बघायचं आणि नळी म्हणेल ते ऐकायचं. घरच्यांच्या मजेसाठी गोळी लागली की पडणाऱ्या पत्र्याच्या टिकल्या मिळतात, त्या मी आणते आहे. मिहीरला बोलव कधीतरी, वारा नसलेल्या दिवशी.

ऑगस्टमध्ये ती अकरा दिवस राहिली, ते तुला माहीत आहे. न माहीत असलेलं सांगते. शेडमध्ये ती आली नाही, तुला शब्द दिला होता म्हणून. ग्लेनिस घरी चहाला आली. पहिल्या रात्री जेवायला बसलो तर तिचे दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना नुसते थांबले होते. मी आमटी वाढत होते, वाढत राहिले, नको इतकी वाढली. मग डावा हात आला. तिसऱ्या दिवसापर्यंत तिला आणि मलाही त्यात काही वाटेनासं झालं. आठव्या दिवशी ती उजव्या हातानं जेवली. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, डाव्या हाताला नेलपॉलिश ओला आहे.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात आहे, ती तुला पटेल की नाही माहीत नाही. तू दुकानाला लिहिलं आहेस की फक्त डाव्या रायफली दाखवा. मी फोनवर त्यांना सांगितलं की उजव्याही दोन काढून ठेवा. रागावू नकोस, तुला कळवूनच करते आहे. डोळा डावा आहे, हात डावा आहे, ग्लेनिसही डावीच घ्या म्हणते, आणि बहुधा ती डावीच घेईल. पण तिच्या हाताचं आजवर एकदा मी ठरवलं, आणि नंतर तू माझ्याविरुद्ध ठरवलंस. तुझं बरोबर होतं. तरी ठरवलं तूच. या खेपेला आपण दोघींनी गप्प राहू या.

दुकानदाराला म्हणावं, रायफली तिच्या हातात देऊ नका. लांब टेबलावर सगळ्या ओळीनं ठेवा, बोल्ट उघडे, आणि तिला जाऊ द्या. एक एक उचलेल, ठेवेल, पुन्हा पहिलीकडे येईल. वेळ लागेल. तू तिकडे पाठ करून कपाटातल्या गोळ्यांचे डबे वाच. मी दुकानदाराशी हवामानावर बोलत राहीन. या देशात त्याला अंत नसतो, अर्धा तास सहज निघेल. ती 'आई, आजी, ही' म्हणेल तेव्हा वळू.

डबा मी करून आणते. तिघींचा.

वैजयंती